बाराव्या पानावरचा खुनी

नाताळच्या सुट्टीसाठी वाचनालयाच्या दाराशी मांडलेल्या कपाटात एकेचाळीस रहस्यकथा होत्या. लहानसं गाव, बर्फ, चहाचे कप, एक प्रेत आणि शेवटी सगळं ठीकठाक, अशा. त्यांपैकी एकोणीस पुस्तकांत बाराव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहिलेलं होतं. एकोणीसही नावं बरोबर होती.

वाचकांनी ग्रंथपाल बाईंना फैलावर घेतलं आणि बाईंनी मला, त्यांच्या मदतनीसाला. "तू सायन्सवाली ना? मग शोध."

मी संगणकावरून एकोणीस पुस्तकांच्या नोंदी काढून तक्ता केला. सगळीच्या सगळी नेणारी व्यक्ती एकच निघाली, सिस्टर. निवृत्त नर्स, घरी एकट्या. रोज दहाच्या ठोक्याला हजर, खिडकीजवळची खुर्ची त्यांचीच.

बाईंनी त्यांना काउंटरपाशी बोलावून माझा तक्ता पुढे सरकवला.

"अगं मुली, सुट्टीत माझ्या घरी येतं कोण?" सिस्टर म्हणाल्या. "ही पुस्तकंच सोबतीला. ती मी कशाला नासवीन?"

"तक्त्यात स्पष्ट आहे," मी म्हणाले.

त्यांचं कार्ड रद्द झालं. कोट चढवताना हात बाहीत अडकला, तरी कुणी उठलं नाही. मीही नाही.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काउंटरवरचे काका डबा उघडून बसले होते. शेजारी रहस्यकथा, बारावं पान, हातात पेन्सिल.

"काका, हे तुम्ही?"

"सवय आहे गं. वाचून झालं की खुनी लिहून ठेवतो. नाहीतर तेच पुस्तक परत उचलतो, आणि अर्ध्यात आल्यावर कळतं, हे तर झालंय!"

"पण तुमच्या नावावर एकही नोंद नाही."

"घरच्या माणसाने कसली नोंद करायची?"

"आणि सिस्टर? तुमच्यादेखत त्यांना घालवलं!"

काकांनी सावकाश घास चावला. "मला कुणी विचारलं? तुझा तक्ता बोलत होता ना."

मग मी नाव न लिहिलेल्या उरलेल्या बावीस पुस्तकांच्या नोंदी पाहिल्या. तीही सगळी सिस्टरनी नेली होती.

मी सगळं सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "काकांना निवृत्तीला चार महिने उरलेत. आता कशाला उकरतेस? कार्ड गुपचूप चालू करून टाक."

कार्ड आणि दोन नवी पुस्तकं घेऊन मी सिस्टरच्या घरी गेले. दार साखळीपुरतंच उघडलं.

"माझं चुकलं, सिस्टर. ते तुम्ही नव्हतात."

"मला माहीत होतं ते."

"पुस्तकं आणलीत."

"घालवलंस चारचौघांत," त्या म्हणाल्या, "आणि सांगायला आलीस एकटी. पुस्तकं ने परत. कार्ड टाक त्या टपालपेटीत."

कार्ड सत्तावीस डिसेंबरला चालू झालं. एकतीस मार्चपर्यंत त्यावर नोंदी शून्य.