न फाटणारा पतंग

गॅरंटी हा शब्द ऐकला की रामकिशनच्या कपाळाला आठी पडायची. रंग न जाणाऱ्या लुगड्याने पहिल्याच धुण्यात बादली लाल केली होती आणि गॅरंटीची छत्री मृगातच उलटली होती. त्यामुळे संक्रांतीच्या आदल्या दिवशी डोंगरकड्याच्या बाजारात पतंगवाला ओरडायला लागला, "पॅराशूट का कपड़ा! फटेगा नहीं, गलेगा नहीं, दस साल की गारंटी!" तेव्हा रामकिशन सरळ पुढे निघाला. कागदी पतंग दोन रुपयांना, आणि हा म्हणे चाळीसला!

"थांबा की," त्याची बायको द्वारकाबाई म्हणाली. "ह्योच घ्या."

"थापा मारून राहिला त्यो. चार दिसांत चिंध्या व्हतीन."

"मागल्या साली कागदाचा वर जाताच फाटला. माझ्या लेकराचं नाव मातीत पडलं."

त्यांच्या घराण्याची रीत होती. घरातलं कुणी गेलं की संक्रांतीला पतंगावर त्याचं नाव लिहायचं, पतंग उंच चढला की दोरा हाताने तोडायचा. मग गेलेल्याचा जीव मोकळा झाला. पतंग कुठे पडला ते कुणी पाहायचं नाही. पावसात कागदाची माती होते. त्यांचा सोमेश्वर तापाने गेला, त्याला आता दोन पावसाळे झाले होते.

रामकिशनने चाळीस रुपये मोजले.

पतंग झोकात चढला. द्वारकाबाईने डोळे मिटून दोरा तोडला. वाऱ्याने गिरकी घेतली आणि पतंग दारासमोरच्या चिंचेच्या शेंड्यात जाऊन अडकला.

"पावसात जाईल," रामकिशन म्हणाला. त्याची खात्रीच होती.

पाऊस आला, वादळात चिंचेची एक फांदी मोडली. पतंग तसाच. नावाचं एक अक्षरही पुसलं नाही. द्वारकाबाई संध्याकाळी उंबऱ्यात बसून त्याच्याशी बोलायला लागली. थंडी पडली तेव्हा म्हणाली, "वर गार लागत असंल त्याला." रामकिशन आकडीचा बांबू घेऊन दोनदा गेला, दोन्ही वेळा तिने बांबू धरून ठेवला. तिच्या हातातून बांबू ओढून घेणं त्याला जमलं नाही.

पुढच्या संक्रांतीला तो कागदी पतंग घेऊन आला आणि शाईची दौत उघडून बसला.

"काहून लिहून राहिलात?" तिने शांतपणे विचारलं. "सोमा अजून गेला कुठं?"

रामकिशनने दौतीला झाकण लावलं. जन्मभर त्याने विकणाऱ्यांचं खोटं पकडलं होतं. हा एकच पतंगवाला खरं बोलला होता, आणि तो खोटं बोलला असता तर फार बरं झालं असतं.