खळीतून पाहिलेले जग

मित्रांनो, मी लेथमशीनवरचा एक म्हातारा पोलादी सुळका आहे. भोपाळला पिपलानीच्या वसाहतीजवळ एका वर्कशॉपमध्ये माझे आयुष्य गेले. कामगार मला सेंटर म्हणतात. लांब लोखंडी दांडा कातायचा असला, की त्याच्या दोन्ही टोकांना मधोमध एकेक खळी पाडतात. एका खळीत माझा जोडीदार नाक खुपसतो, दुसरीत मी. जोडीदार दांड्याबरोबर गरगर फिरतो. मी मात्र जागचा हलत नाही. सारे जग मी त्या खळीतूनच पाहिले. दांड्याने वेग घेतला, की तो फिरतो आहे की स्थिर उभा आहे, तेच कळत नसे. छपराच्या काचांतून उतरलेले ऊन त्याच्यावर लांबच लांब पसरे आणि मला गुंगी येई.

लेथ चालवणाऱ्या गजाननराव टर्नरांनी मला अठरा वर्षे सांभाळले. खळीत बोटाने ग्रीस भरल्याशिवाय त्यांनी मला कधी दांड्याला लावले नाही. पुढे त्यांची नजर अधू झाली. साहेबांनी त्यांना शेजारच्या स्टोअरमध्ये बसवले आणि माझ्या मशीनवर मंदाकिनी आली. वर्कशॉपमधली ती पहिलीच बाई टर्नर.

त्या मे महिन्यात वसाहतीच्या पाण्याच्या पंपाचा शाफ्ट तुटला. तीन दिवस नळ कोरडे होते. दवाखान्यातही बादलीने पाणी भरावे लागत होते. नवा शाफ्ट करायला हवा तसा एकच दांडा शिल्लक होता.

"शाम तक हो जाएगा ना?" फोरमनने विचारले.

मंदाकिनीने दांडा उचलून मशीनवर चढवला. एवढा लांब दांडा तिने कधी लावला नव्हता. तो सुटून अंगावर येईल, या भीतीने तिने चाक फिरवून मला खळीत गच्च दाबले. थोड्या वेळाने दांडा तापला. तापला तसा वाढला आणि मला रेटू लागला. खळीतले ग्रीस जळून गेले. माझे नाक निळे पडले. मी किंचाळत होतो, पण लोखंड कातणाऱ्या टूलच्या आवाजात तिला ते ऐकूच येईना.

स्टोअरमधून गजाननराव धडपडत आले. "बंद कर! पोरी, आधी मशीन बंद कर!"

मशीन थांबले. खळीतून धूर निघत होता. मंदाकिनीच्या डोळ्यांत पाणी आले. "काका, एकच दांडा होता. आता तुम्हीच करा."

"मला मापाची रेघ दिसत नाही गं. शाफ्ट तुलाच करायचाय. सुटेल म्हणून आवळलंस ना?"

"हो."

"लोखंड तापलं की वाढतं. त्याला थोडी जागा ठेवावी लागते. आधी याचं नाक घासून घेऊ. खळी पुन्हा पाडू. दांडा वाया गेला नाही अजून."

मला ग्राइंडरवर धरले तेव्हा फार लागले, पण पुन्हा टोक आले. नव्या खळीत मंदाकिनीने ग्रीस भरले. गजाननरावांनी तिची बोटे दांड्यावर ठेवली. "हाताने फिरतोय, पण डगडगत नाहीये, कळतंय? इथेच थांब, आणखी आवळू नको."

मग ती दर थोड्या वेळाने मशीन थांबवी, मला केसभर सैल करी आणि पुन्हा ग्रीस भरी. संध्याकाळी शाफ्ट तयार झाला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, तेव्हा तिचे नुकतेच न्हालेले केस ओले होते. वाकली तेव्हा एक थेंब माझ्यावर पडला. शेजारी आलेले गजाननराव शिकेकाईच्या वासाने हसले. "पाणी आलं म्हणायचं!"

मित्रांनो, आता बेअरिंगवर फिरणारी नवी सेंटरे आली आहेत. मी ड्रॉवरमध्ये गंजाची शाल पांघरून पडलेला असतो. स्वप्नात अजून उन्हाचे लांब दांडे फिरतात. तुमच्या घरी एखादे गंजलेले हत्यार दिसले, तर त्याला लगेच भंगारात टाकू नका. आधी पुसा, तेलाचे बोट लावा आणि उजेडात धरून बघा. आमच्यापैकी पुष्कळजण नुसते झोपलेले असतात.