पान क्रमांक लिहिल्याशिवाय बोलू नये

मित्रांनो, जरा हळू बोला, डोकं दुखतंय माझं. नऊ वर्षं झाली मला या घरात. मोबाईलच्या जातीत एवढं वय म्हणजे पार म्हातारपण. काच तडकलीय, आवाज घोगरा झालाय, आणि आता कशाचाही उत्साह म्हणून राहिलेला नाही.

माझे मालक अर्जुनराव सर, सिरसाळ्याचे निवृत्त शिक्षक. बायको सुंदरबाई गेल्यापासून घरात एकटेच. एका लांबलचक कादंबरीमालेचं त्यांना भारी वेड. अशाच दीडशे वेड्यांचा गट त्यांनी माझ्यावर काढला आणि माझ्या जिवाला घोर लावला. सकाळी कुणीतरी विचारायचं, नायिका माहेरी का परतली? त्यावरून ज्याचं त्याचं माहेर निघायचं, माहेरावरून आष्टीचा बाजार, बाजारावरून कुणाच्या म्हशीचं दुखणं. मग मध्येच एखादी म्हणायची, अहो, म्हणूनच तर ती परतली! मी नुसता तापायचो. पण खरं सांगू? मजा यायची. सर एकटेच खुदुखुदु हसायचे.

त्यात सगळ्यांत बोलकी अंजना. आष्टीकडची, दर साल ऊसतोडीला जाणारी. पुस्तकं घरी पेटीत ठेवून ती सहा महिने फडात असायची. मोळ्या बांधून झाल्या की लिहायची, "सर, आज पाणी लई लांबून आणलं. त्या बाईला बी आसंच आणावं लागलं आसंल, न्हाई?" तिच्या तेवढ्या बोलण्यावर गट दिवसभर बोलत राहायचा.

मग शहरातले एक विद्वान गटात आले. दोन दिवसांत त्यांनी विचारलं, "हा वाचकांचा गट आहे की चावडी?" सरांना ते फार लागलं. त्यांनी नियम केला: आधी पान क्रमांक लिहायचा, मग त्या पानापुरतंच बोलायचं. बाकीचं पुसलं जाईल.

पुसायचं काम अर्थातच माझ्याकडे. अंजनाचं बोलणं मीच पुसलं. शेवटी तिनं लिहिलं, "सर, पुस्तक घरी हाय. मी पान कुठून सांगू?" सरांनी तेही पुसायला लावलं. त्यानंतर ती काही बोलली नाही.

गट अगदी स्वच्छ झाला. पान ४१, छान. पान ६७, सुंदर. मग तेही बंद पडलं. मला विसावा मिळाला, पण आग लागो त्या विसाव्याला!

आज दुपारी सरांनी मला हातात घेतलं. गटावर लिहिलं, "आज भाकरी करपली. ही असती तर हसली असती." आणि बोट थांबलं. याला पान क्रमांक कोणता देणार? सरांनी आपलंच बोलणं एकेक अक्षर करून पुसलं. मित्रांनो, इतक्या जणांचं पुसलं मी, पण तेव्हा मला रडू आलं.

मग त्यांनी अंजनाला फोन लावला.

"सर? माझं काय चुकलं का?"

"नाही गं. माझंच चुकलं." सरांनी ताटातली भाकरी उलटून पाहिली. "माझी भाकरी करपली, अंजना."

"तवा लई तापला आसंल. थांबा, सांगते." मग ती घुटमळली. "पन सर, माझ्याजवळ पान न्हाई."

"राहू दे पान. तू बोल."

आता ती बोलतेय. भाकरीवरून चुलीवर गेली, चुलीवरून त्या नायिकेच्या सासूवर आलीय. सर हसतायत. मित्रांनो, माझे चारच टक्के उरलेत. कुणीतरी मला चार्जिंगला लावा रे, तिचं अजून निम्मंही सांगून झालेलं नाही.