ढोल थांबेपर्यंत उतरायचं नाही

मी पिसांचा टोप बोलतोय. अजून माझं पीस न् पीस थरथरतंय, तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या. आज आमच्या मैदानात जे घडलं ते मी एका मोठ्या माणसाच्या डोक्यावर बसून पाहिलंय, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

पण आधी ओळख. मला आत्यानं बनवलं. ती खरं तर ढोलवाल्याची आत्या, पण आता सगळी वस्तीच तिला आत्या म्हणते, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. तिनं वेताचं कडं वाकवलं, मेण लावलेल्या दोऱ्यानं त्यावर रानकोंबड्याची पिसं बांधली आणि माप बघायला मला स्वयंपाकघरातल्या पातेल्यावर चढवलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं डोकं. पुढे भेटलेल्या कित्येक डोक्यांपेक्षा ते बरं होतं.

आमचे लोक इथले सगळ्यांत जुने. रस्ता, कचेरी, बाजार सगळं मागाहून आलं. वर्षातून एकदा सगळे या मैदानात रिंगण धरून नाचतात, आणि त्यात पहिला मान माझा. मला जो घालतो तो पहिलं पाऊल टाकतो. नियम मात्र कडक आहे. रिंगणात टोप चढला की ढोल थांबेपर्यंत उतरवायचा नाही. नाचता नाचता त्याला कुणीही एक गोष्ट विचारावी, आणि त्यानं हो किंवा नाही एवढंच सांगावं. एक घाव दोन तुकडे. उत्तर आल्याशिवाय ढोल थांबत नाही, आणि रिंगणात दिलेला शब्द कुणी फिरवत नाही.

आमच्या ढोलवाल्याचं लग्न असंच ठरलं. तो मला घालून नाचत होता, तेव्हा त्याच्या आताच्या बायकोनं भर रिंगणात विचारलं, करतोस का लग्न? हा लाजून खाली बघतोय, आणि ढोलावर याचाच बाप, तो हात थांबवेना. शेवटी बिचारा धापा टाकत हो म्हणाला. तू दमलास म्हणून हो म्हणालास, असं ती त्याला अजून चिडवते.

पूर्वी आमच्या सणाकडे बाहेरचं कुणी फिरकत नसे. लस टोचणाऱ्या नर्सबाई तेवढ्या यायच्या आणि हौसेनं दोन फेऱ्या नाचून जायच्या. मग कुणीतरी हिशेब मांडला की या वस्तीची मतं जिकडे पडतील तिकडचं पारडं जड. झालं, एका रात्रीत आमची संस्कृती थोर ठरली. एक पक्ष साहेबांचा, दुसरा ताईंचा. दोघांच्या कमानी, दोघांचे मांडव, दोघांचे भलेमोठे फ्लेक्स. फ्लेक्सवर नाचणारी माणसं भलत्याच कुठल्यातरी डोंगरावरची होती. आमच्या बायका त्यात आपापली तोंडं शोधून दमल्या.

तेव्हापासून माझी चंगळ झाली म्हणा किंवा हाल झाले म्हणा. स्टेजवर जो येईल त्याच्या डोक्यावर मी. कुणी मला उलटा घातला, कुणाच्या कलपाचा वास माझ्या वेताला महिनाभर येत राहिला. एका पाहुण्यांच्या डोक्यावर तर माझ्याआधीच एक टोप होता, केसांचा. मी निघालो तसा तोही माझ्याबरोबर निघाला. वस्तीची हसून हसून मुरकुंडी वळली. आत्या रागावली नाही. ती म्हणायची, स्टेज काही रिंगण नव्हे, घालू दे त्यांना, हौसेला मोल नसतं.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या सणाला साहेबांनी स्टेजवरून जाहीर केलं की या थोर संस्कृतीसाठी याच मैदानात भव्य सांस्कृतिक भवन उभं राहील. गुळगुळीत टाइल्स, गार हवा, गुबगुबीत खुर्च्या. टाळ्या पडल्या, आमच्याच लोकांनी वाजवल्या. घरी जाताना एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. टाइल्सवर अनवाणी नाचायचं कसं? खुर्च्या मांडल्यावर रिंगण धरायचं कुठे? ढोलवाल्याला वेगळीच काळजी. दाराला कुलूप असणार, मग चावी कुणाच्या खिशात?

आत्या कचेरीत जाऊन आली, पुन्हा जाऊन आली. तिथले लोक चकित. अहो, तुमच्यासाठीच तर बांधतोय! भीक नको पण कुत्रं आवर, अशी आमची गत. ताईंच्या पक्षाकडे गेलो तर त्यांनी आनंदानं सांगितलं की आम्ही दोन मजली बांधू.

आज पुन्हा सण, आणि सकाळीच मैदानाच्या मधोमध भवनाची कोनशिला आली, वर रेशमी कापड. कडेला खोदायचं यंत्र येऊन उभं राहिलं. आत्यानं मला छातीशी धरलं होतं, तिचं काळीज धडधडत होतं ते मला कळत होतं. मैदान गेलं की सण गेला, आणि मग मी कुठल्यातरी काचेच्या कपाटात. मला तर भीतीनं घाम फुटला असता, पण पिसांना घाम येत नाही.

आणि मग साहेबांनी स्वतःच्या पायानं चालत येऊन गंमत केली. ताईंचा स्टेजवर नाचतानाचा व्हिडिओ म्हणे गावोगाव फिरला होता. साहेबांना त्यावर कडी करायची होती. पीए नको नको म्हणत असताना त्यांनी फर्मान सोडलं, स्टेज नको, मी लोकांमध्ये रिंगणातच नाचणार.

ढोलवाल्यानं आत्याकडे पाहिलं. आत्यानं लपवाछपवी केली नाही. कॅमेऱ्यांसमोरच तिनं सगळा नियम सांगितला. साहेब मान हलवत होते, लक्ष कॅमेऱ्याकडे.

"विचारा की काहीही, मी तुमचाच माणूस आहे," ते म्हणाले.

आणि आत्यानं मला त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

ढोल सुरू झाला! काय सांगू तुम्हाला, इतकी वर्षं नाचलो पण असा ठोका मी ऐकला नव्हता. साहेबांनी बूट काढले, मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता, मग त्यांनी मोजेही भिरकावले. पहिली फेरी पाय चुकले. दुसरीत सापडले. मी वरून सांगतो, माणूस नाचायला लागला होता, अगदी मनापासून. पीए कडेला उभा राहून घड्याळ दाखवत होता, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

तेवढ्यात आत्या नाचत नाचत त्यांच्या बाजूला आली आणि तिनं त्यांचा हात धरला.

"साहेब, हे भवन या मैदानात बांधणार?"

साहेब सवयीनं सुरू झाले, आमचा पक्ष नेहमीच आपल्या परंपरेचा... रिंगण हसलं. हो की नाही, कुणीतरी आठवण करून दिली. साहेब म्हणाले, बघू. ढोल आणखी जलद झाला. माझ्याखाली कपाळ तापलं, घाम कानांवरून ओघळला. एकदा त्यांचा हात माझ्याकडे आला. मला उतरवायला काय लागतं, दोन बोटं. मी पिसं आवळून बसलो. समोर सगळे कॅमेरे, बाजूला धाप लागलेली आत्या, आणि तिनं त्यांचा दुसरा हात सोडला नव्हता. साहेबांनी खाली पाहिलं. त्यांचे पाय त्या मातीत घोट्यापर्यंत माखले होते. हात खाली गेला.

"नाही," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "इथे नाही."

ढोल थांबला. साहेब मटकन खाली बसले आणि पाणी मागितलं. ढोलवाल्याच्या बायकोनं त्यांना आपल्या तांब्यातलं पाणी दिलं आणि सांगितलं की बांधायचंच असेल तर शाळेचं छप्पर बांधा, पोरं ओल्यात बसतात. आत्या रडत होती आणि हसतही होती. मी सांगतो, मीही.

पण अजून सगळं संपलेलं नाही. यंत्र तिथेच उभं आहे. शब्द मिळाला तो साहेबांचा, आणि निवडून ताई आल्या तर? ताईंची गाडी आत्ताच कमानीतून आत आली. साहेबांचा व्हिडिओ त्यांच्या आधी पोचलाय. कार्यकर्ते त्यांना स्टेजकडे नेऊ बघताहेत आणि आमच्या बायका रिंगणाकडे. ताईंनी क्षणभर दोन्हीकडे पाहिलं, चपला काढल्या आणि आत्याजवळ आल्या.

"आत्या, काय विचारणार आहात ते आधी सांगाल?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाचायला तर लागा," आत्या म्हणाली.

तेव्हा मंडळी, तुमच्या अंगणात कुणी तुमचा सण साजरा करायला आलं, तर हार घाला, पाणी द्या, पण आधी त्याला रिंगणात घ्या. मला आता आणखी बोलायला सवड नाही. ताईंनी डोकं वाकवलंय, ढोलवाल्याचा हात वर गेलाय, आणि आत्यानं मला उचललंय.