एकतीस नंबरचा नमुना

साल अठ्ठ्याण्णव. वर्ध्यातल्या एका छोट्या संशोधन प्रयोगशाळेत रीता काम करत होती. आठ महिने वाट पाहिल्यावर परदेशातून एक अँटीबॉडी आली होती, करंगळीएवढ्या बाटलीत. शरीरात रक्ताची गाठ झाली आणि ती विरघळू लागली, की तिचे तुकडे रक्तात उतरतात. ही अँटीबॉडी नेमकी त्याच तुकड्यांना चिकटायची. बाटलीवर छापलं होतं, फक्त संशोधनासाठी.

बाळंतिणींच्या रक्ताचे चाळीस नमुने तपासायचे होते. तुकडे जितके जास्त, तितका रंग गडद व्हायचा. तपासणीच्या ताटलीतल्या एकतिसाव्या खाचेत इतका गडद पिवळा रंग चढला, की रीतानं तपासणी पुन्हा केली. तोच रंग. तिनं वही उघडून नाव पाहिलं. नलू, पवनार. सिझेरियन होऊन अकरा दिवस झाले होते आणि ती घरीही गेली होती.

रीता वही घेऊन प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, प्रभाकरराव सरांकडे गेली.

"बाळंतिणीच्या रक्तात हे वाढलेलंच असतं," सर म्हणाले.

"पण सर, हिचं बाकीच्यांच्या दुप्पट आहे."

"दुप्पट म्हणजे काय, तेच तर आपल्याला माहीत नाही. यावरून कोणता डॉक्टर रक्त पातळ करायचं औषध देईल? टाके ओले आहेत तिचे." वही परत देत ते म्हणाले, "जाऊन ये. पाय सुजला असेल तर गाठ तिथं असू शकते, दवाखान्यात पाठव. या तपासणीचं मात्र नाव काढू नको."

दुपारच्या बसनं रीता पवनारला गेली. नलूची आई रुख्माबाई दारातच गहू पाखडत होती.

"काऊन वं पोरी, एवढ्या उन्हात?"

नलू खाटेवर बाळाला पाजत होती. तिचा डावा पाय पोटरीपासून टम्म फुगला होता.

"मावशी, हिला आजच दवाखान्यात न्या."

"बाळंतिणीचा पाय सुजतेच. उद्या बारसं हाये, पाहुणे येऊन राह्यले. परवा नेतो ना."

"आजच न्या, मावशी."

"पण झालं काय, ते त सांग!"

रीताच्या तोंडाशी शब्द आले होते. "पाय बरा दिसत नाही," एवढंच ती म्हणाली. नलू हसली. "परवा नक्की येतो, ताई."

दुसऱ्या दिवशी, बाळाला पाळण्यात घालून नलू उभी राहिली आणि "दम लागून राह्यला" म्हणत खाली बसली. जीप वर्ध्याला पोचेपर्यंत ती गेली होती.

पंधरा दिवसांनी रुख्माबाई विचारत विचारत प्रयोगशाळेत आली. रीतानं दिलेलं पाणी तिनं घेतलं नाही.

"तू काऊन आलती त्या दिवशी? तुले काई दिसलं होतं काय?"

रीतानं सरांकडे पाहिलं. सर खुर्चीतून उठले.

"दिसलं होतं, बाई," ते म्हणाले. "त्याचा अर्थ आम्हाला समजला नव्हता."

"मंग आता समजला?"

एका नमुन्यावरून काही ठरत नव्हतं. चाळिसांवरूनही ठरलं नसतं.

"नाही," सर म्हणाले.

रुख्माबाईनं मान हलवली. पदर सावरून ती उठली.

"जातो मी. लेकरू शेजारच्या कौशल्याबाईपाशी ठेवलं. भुकेलं असन."

रीता तिला बसपर्यंत सोडायला निघाली, तशी रुख्माबाईनं हातानंच तिला थांबवलं.