माझ्यावर ठेवलेला आभाराचा कागद

ठक्, ठक्, ठक्. होडीच्या फळ्यांमधल्या फटीत कापूस ठोकून बसवायचा तो आवाज. उरणच्या किनाऱ्यावर ऐकला, त्याला फार वर्षं झाली. तेव्हा मी होडीची फळी होतो. आता पोडियम आहे. भाषण करणारी माणसं ज्याच्यामागे उभी राहतात, तो मी.

होडी मोडीत निघाली. एका सुताराने माझं लाकूड घेतलं, रंधा मारला आणि मला नवी मुंबईतल्या एका प्रशिक्षण सभागृहात आणून उभं केलं. शाळेची माणसं येणार म्हटल्यावर मला वाटलं, इथे पोरांच्या गोष्टी ऐकायला मिळतील.

इथे मुख्याध्यापकांची शिबिरं होतात. नेतृत्व विकास, गुणवत्ता विकास, असली त्यांची नावं. मला अक्षरओळख नाही, पण ऐकून ऐकून आता मीही एखादी शाळा चालवीन. सकाळी सह्या, मग पुष्पगुच्छ, मग पडद्यावरची चित्रं. जेवणानंतर मागच्या रांगा पेंगतात. निघताना प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळतं, पेंगणाऱ्यालाही.

परवा करिमुन्निसा बाई आल्या होत्या. उरणकडच्या दोन शिक्षकांच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. दुसरे गुरुजी मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलेले. त्यामुळे बाई शिबिराला आल्या की शाळेला कुलूप. त्या महिन्यातलं हे तिसरं शिबिर. विषय होता, मुलांची गळती कशी थांबवावी!

बाईंनी हात वर केला. व्याख्याते अभिराम सर हसले.

"मॅडम, प्रश्न शेवटी. आधी पॉझिटिव्ह विचार करू या."

जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळच बाईंनी आयोजक चारुलता मॅडमना गाठलं.

"मॅडम, आमी इथं गळतीवर ऐकतोय आणि तिकडं माझी शाळा बंद. शाळा बंद असली की पोरी कोळंबी सोलायला जातात. चौथीतली समरा मागच्या शिबिराच्या दिवशी गेली, ती अजून परत आली नाही. आमाला बोलावता त्या दिवशी एक बदली शिक्षक द्या, बस."

"अहो, शाळा बंद होती असं मोठ्याने बोलू नका. अहवालात येईल."

"येऊ दे ना. कोणीतरी वाचेल तरी."

"अहवाल कोण वाचतं हो?" मॅडम हसल्या. "बघू आपण. तुमचा आवाज गोड आहे. शेवटी आभार तुम्हीच माना हं."

आणि बाईंच्या हातात नावांचा कागद दिला.

प्रश्नांची वेळ आलीच नाही. ग्रुप फोटोची घाई होती. बाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. माझ्या कडेवर आजवर किती हात टेकले, बहुतेक कोरडे, अंगठ्या घातलेले. बाईंचे तळवे घामाने भिजले होते.

साहेबलोकहो, मी लाकूड आहे, मला काय कळणार. तरी हात जोडून सांगतो, माणसाला आभार मानायला उभं करण्याआधी त्याचं म्हणणं तेवढं ऐकून घ्या.

माईक चालू होता. बोला बाई, मी मनात म्हणत होतो, आता तुम्हाला कोण थांबवणार?

बाईंनी एकेक नाव बघितलं.

"मॅडम, आटपा," मागून कोणीतरी ओरडलं, "उरणची बस सुटेल तुमची!"

दोन-चार माणसं हसली. बाईंनी कागद माझ्यावर पालथा ठेवला, पर्स खांद्याला लावली आणि खुर्च्यांमधल्या वाटेने दाराबाहेर निघून गेल्या.