सरस वाळतोय

या, असे जवळ येऊन बसा. मोठ्यानं सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

लाकूड चिकटवायच्या सरसाचा एक थेंब. बाजरीच्या दाण्याएवढा, मधाच्या रंगाचा, गिटारीच्या सांध्यातून बाहेर येऊन कडेवर थांबलेला. परशुरामानं त्यावर नख दाबलं. खड्यासारखा कडक. काल दुपारी लावलेला सरस एका रात्रीत वाळला होता... वाळणारच, सारा जन्म तंबोरे आणि वीणा दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला हे काय नवं? तरी तो पुन्हा पुन्हा नख दाबत राहिला, कुठं थोडा ओलावा लागला असता तर त्याला बरं वाटलं असतं — कारण ह्याच गिटारीचा सरस अजून वाळतोय, असं तो बस्त्यावला तीन वर्षं सांगत आला होता.

बस्त्याव ठाण्याच्या तळ्यापलीकडचा, ख्रिस्ती, गिरणीत फिटर. गिटार घेऊन आला तेव्हा तिची पाठ उकलली होती आणि वरची तबली, म्हणजे पुढची पातळ फळी, खाली बसली होती. "परशुरामभाव, देवाच्या वीणा बऱ्या करतोस, हिची पन जरा नाडी बघ," म्हणाला. दुकानात बसलेले हसले. परशुराम हसला नाही. भिंतीवर देवळातली वीणा टांगलेली होती, शेजारची खुंटी रिकामी होती, आणि बस्त्यावनं हात उंचावून गिटार तिथं अडकवायला घेतली तेव्हा परशुराम एकदम म्हणाला, "तिथं नको." दारूबंदी आली तरी त्या वस्तीत लग्नाकार्याला काय काय चालतं हे त्यानं ऐकलं होतं, त्या बैठकीतलं वाद्य वीणेला लागून कसं टांगायचं? बस्त्यावचा हात क्षणभर वरच राहिला होता. मग तो हसला. "बरं, तू म्हणशील तिथं."

ती मागच्या पडवीत गेली, सरपणावर.

आधी लाकूड मिळत नव्हतं. मग सरस वाळत होता. दर शनिवारी गिरणीची पाळी सुटली की बस्त्याव सायकलवरूनच ओरडायचा, "काय भाव, वाळला का?" "वाळतोय." "वाळू दे, वाळू दे, घाई नाय!" आणि घंटी वाजवत पुढं जायचा. खोटं बोलणं किती सोपं असतं, समोरचा माणूस हसून ते घेत असला की... एका उत्सवात मात्र तो देवळाशीच आला. कीर्तन नुकतंच संपलं होतं. भूतमात्री देव आहे, हे बुवांनी असं रंगवलं होतं की परशुरामाचे डोळे भरून आले होते — खरेच भरले होते, त्यात काही सोंग नव्हतं, आणि तेच तर आज जास्त बोचत होतं. बुक्का लावून माणसं एकमेकांच्या पाया पडत होती. पायरीखाली बस्त्याव उभा दिसला, टोपी हातात घेऊन, गर्दीत कुणाला तरी शोधत... आणि परशुराम... परशुराम, परशुराम म्हणून त्याला किती लांब ठेवू? मीच तो. मी मागच्या दारानं निघून गेलो.

महिन्यापूर्वी बस्त्याव काविळीनं गेला. ते कळलं त्या दिवशी सगुणानं, माझ्या बायकोनं, ताट वाढता वाढता एवढंच म्हटलं, "त्याला आता वरतीच निरोप धाडा, सरस वाळतोय म्हणून." मी ताट सारून उठलो. परवा त्याच्या बायकोचा, मार्थाबाईचा निरोप आला: रविवारी चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिस्सा आहे, प्रार्थना; गिटार झाली असेल तर हवी, माझा भाऊ वाजवील. झाली असेल तर! मी सरपणावरून ती उतरवली, आतलं उंदराचं घरटं काढलं, सुटलेली पट्टी चिकटवली, तबली उचलली, पाठ बसवली, तारा चढवल्या. तीन वर्षांचं काम दीड दिवसात झालं.

मार्थाबाई तिसऱ्या प्रहरी आली. पदराला हात पुसून तिनं गिटारीवरून बोट फिरवलं.

"नवी वाटतेय रे देवा. वेळ लागला, पन काम बघा!"

मी उरलेली तार गुंडाळून पेटीत ठेवली.

"भाऊ माझा म्हनायचा, दुसरीकडं टाकू. तर हा भांडला त्याच्याशी. परशुराम वीणा जशी करतो तशीच माझी करीत असंल, म्हनून उशीर, म्हनायचा. इस्पितळात पन हेच." मग स्वतःशीच हसली. "प्यायचा तो, खोटं कशाला बोलू. पन प्यालेल्या हातानं हिला कधी शिवला नाय."

"मार्थाबाई..."

"काय भाव?"

सगळं तोंडाशी आलं होतं. सरपण, उंदीर, मागचं दार. ती माझ्याकडं बघत होती, अगदी निवांत. आणि मला कळेना, ते सांगून मी तिला काय देणार होतो? तिच्या नवऱ्याचा भरवसा खोटा होता, हे? की मला हलकं व्हायचं होतं आणि तेवढ्यासाठी तिच्या डोक्यावर ओझं ठेवायचं होतं? की हेही पुन्हा माझं एक निमित्तच...

"वरच्या खुंट्या घट्ट आहेत," मी म्हणालो. "हळू फिरवायला सांगा."

ती गिटार दोन्ही हातांवर आडवी घेऊन गेली, भरलेलं ताट न्यावं तशी.

संध्याकाळी देवळात टाळ सुरू झाले. माझी जागा पुढं, बुवांच्या उजव्या हाताला. मी गेलोही. पण डोळे भरून येऊ लागले तसे मी ते आवरले; वाटलं, आज हे रडू नको, ते फार स्वस्तात पडतं. पूर्वी एक अभंग ऐकला की मन धुतल्यासारखं व्हायचं. आज ते धुतलं जाऊ नये, ही लाज निदान काही दिवस तरी माझ्यापाशी राहावी, असं वाटत राहिलं... आणि तसं मागताना देवाकडं बघवेना.

मार्थाबाईला मी अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, मला ठाऊक नाही. तुमच्याकडं एवढंच मागतो: कीर्तनाला बसाल आणि देवाचं नाव घ्यायची वेळ येईल, तेव्हा तळ्यापलीकडच्या बस्त्यावची आठवण ठेवा. मी नाव घेतो, पण माझ्या तोंडून ते नीट निघत नाही.